गिरजामायचं दार

"पायी आले का गाडीनं?"

कोहपाणीला गिरजामायच्या ओसरीवर चढणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच असे. नाव नंतर, गाव नंतर. जात तिनं कधी कोणाला विचारल्याचं मला आठवत नाही. गाडीनं आलो म्हटलं की ती बाजेकडे बोट दाखवून आत निघून जाई. पायी आलो म्हटलं की बाहेरच्या चुलीवर पाणी चढे, त्यात मूठभर मीठ पडे आणि माणूस कितीही नको नको म्हणाला तरी त्याचे पाय त्या कढत पाण्याच्या घमेल्यात जात. बँकेतला साहेब असो की गुरं घेऊन आलेला गडी.

"लाजता कायले?" ती म्हणायची. "पाय का फक्त गरिबायलेच असते?"

नागपूरहून उत्तरेला, राज्याची हद्द ओलांडली की रामाकोन्याच्या पुढं सातपुडा चढायला लागतो. त्याच्या पहिल्याच चढणीवर आमचं गाव आहे. खाली संत्र्याचे बगीचे, वर साग आणि मोह. मी सौंसरचा. प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून या गावात आलो आणि निवृत्त झाल्यावरही इथंच राहिलो. माझं घर गिरजामायच्या घरासमोर, मध्ये फक्त रस्ता.

आता तिच्या घरी कोणी नाही. शनिवार-रविवारी नागपूरची माणसं डोंगरात फिरायला येतात, गावात मुक्काम करतात. त्यांना फिरवायला नेणारे आमचेच गावकरी त्या घरापाशी थांबतात आणि सांगतात, "इथं एक बुढी राहत होती. महादेवाच्या लोकायले तिनं कुलूप दाखवलं. तवापासून त्या घरी कोणी गेलं नाही." पाहुणे हळहळतात, फोटो काढतात, पुढं जातात. मी माझ्या अंगणात बसून हे ऐकत आलो.

ते कुलूप गिरजामायनं लावलं नव्हतं. ती कशी होती हे ज्यांना माहीत आहे अशी माणसं गावात थोडी उरली आहेत. म्हणून लिहितो आहे.

माघ लागला की आमच्या भागात महादेवाला पायी जाणाऱ्यांचे जत्थे सुरू होतात. वरुड-नरखेडकडून येतात, पांढुर्ण्याकडून येतात, काही तिगावला रेल्वेतून उतरून डोंगराची वाट धरतात. खांद्यावर त्रिशूळ, कपाळाला शेंदूर, पायात बहुतेकांच्या काही नसतं. पचमढीचा मोठा महादेव गाठायचा असतो. त्यांची एक वाट कोहपाणीवरून जाते आणि मोठ्या चढणीआधीचा त्यांचा मुक्काम पिढ्यान्‌पिढ्या गिरजामायच्या घरी. त्या घराची एक रीत होती. माघ लागल्यापासून होळीपर्यंत दाराला कडी लावायची नाही. दिवसा नाही, रात्री नाही, घरात कोणी असो की नसो.

"नवी नवरी होती मी," ती सांगायची. "सासूले म्हटलं, आत्याबाई, चोर आला तं? तं म्हणते कशी, चोर बी चालूनच येइन नं बिचारा. त्याले बी भाकर दे."

हे सांगून ती स्वतःच इतकी हसायची की ऐकणाऱ्याला हसायला जागा उरत नसे.

नवरा लवकर गेला होता. मुलगा नागपूरला ड्रायव्हर, वर्षातून पोळ्याला यायचा. त्या मातीच्या भिंतींच्या, कवेलूच्या छपराच्या घरात ती एकटी, पण एकटी असलेली मी तिला फार कमी पाहिली. जत्थ्यांचे दिवस सरले की वाटसरू, जंगलखात्याची माणसं, मोह वेचायला आलेल्या बाया. नंतर नागपूरची पोरंपोरी पाठीवर पिशव्या घेऊन डोंगर चढायला यायला लागली, तीही तिथंच टेकायची. त्यांनी पैसे विचारले तेव्हा तिनं एक नियम केला. गाडीनं आला तो देईल ते द्यावं. पायी आला तो महादेवाचा, त्याच्याकडून घ्यायचं नाही.

हा नियम नागपूरपर्यंत पोचला. एकदा एक साहेब, त्याची बायको आणि मेहुणी असे तिघं धापा टाकत ओसरीवर आले. पायी आलो म्हणाले. पाणी चढलं, पाय घमेल्यात गेले. मी समोरून पाहत होतो. गिरजामाय त्या पाण्याकडे वाकून बराच वेळ बघत राहिली. पाणी जसंच्या तसं.

"रस्ता लई स्वच्छ झाला म्हणते आता," ती म्हणाली.

त्यांना तिनं तुरीचं वरण, भाकर, वांग्याचं भरीत पोटभर वाढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी निघताना ती साहेबाला म्हणाली, "भाऊ, गाडीच्या काचा लावल्या होत्या नं? पुलापाशी त्या चिंचेवर वांदरं बसते."

साहेबाचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानं पाकीट काढलं. तिनं त्याचा हात धरला. "राहू द्या जी. पुलापासून तं चालले नं? जेवढं चालले तेवढं चालले." ती मेहुणी पुढं दरवर्षी यायची, खरोखर रामाकोन्याहून पायी.

तिच्याबरोबर डोंगरात जाणं हा एक वेगळाच प्रकार होता. अंतर विचारू नये. कुठलंही ठिकाण "हे काय, इथंच तं आहे" असायचं. दोन टेकड्या ओलांडल्या तरी इथंच. ती खोटं बोलत होती असं नाही, तिला खरंच तसं वाटायचं. आणि ती सरळ चालतही नसे. कोणाच्या संत्र्याला पाणी लागलं नाही म्हणून बांधावर चढून त्याला हाक मारी, कोणाची म्हैस भलतीकडे गेली म्हणून तिला शिव्या घालत वळवून आणी, मध्येच चारोळीच्या झाडाखाली बसकण मारी.

गावात पर्यटनाची सरकारी योजना यायची होती तेव्हा एक अधिकारी पाहणीला आले. लिहिता-बोलता येतं म्हणून गावानं मला समितीचा सचिव केलं होतं. डोंगरातल्या वाघझिऱ्यापर्यंतची वाट साहेबांना दाखवायची होती. ती दाखवायला गिरजामायशिवाय कोण?

"माताजी, कितना दूर है?" साहेबांनी विचारलं.

"यहीं तो है साब."

ऊन डोक्यावर आलं तरी यहीं तो है. साहेबांच्या बुटांनी त्यांचे पाय सोलले. शेवटी ते एका दगडावर बसले आणि म्हणाले, "वो सब ठीक है, लेकिन व्ह्यू पॉइंट कहाँ है? लोग फोटो कहाँ से लेंगे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "का पाहाचं आहे यायले, मास्तर?"

"डोंगर," मी म्हणालो.

"अवो, डोंगरावर बसून डोंगर कायले पाहाचा? आता आहे नं त्याच्यावर, बसा म्हणा. खाली उतरले का दिसनच."

मी हे हिंदीत सांगितलं. साहेब इतके हसले की त्यांचा थकवा गेला. संध्याकाळच्या आत घरी आणून तिनं त्यांचे पाय मिठाच्या पाण्यात बुडवले, हळद लावली, आणि जाताना ते म्हणाले की गाव मंजूर समजा. आज गावात ज्या घरांमध्ये पाहुणे राहतात, त्या सगळ्यांच्या दारी पहिला पाहुणा आला तो गिरजामायच्या त्या घमेल्यामुळं. हेही आता कोणी सांगत नाही.

योजनेत तिच्या घराला दोन गाद्या, पांढऱ्या चादरी, उशा, आरसा मिळाला. पांढऱ्या चादरी पाहून ती म्हणाली, "मास्तर, हे कोणासाठी? मेल्यावरची सोय करून राहिले का?" त्या गाद्यांवर ती कोणालाही झोपवायची. पहिल्याच माघात जत्थ्यातल्या दोन म्हाताऱ्या त्यांवर झोपल्या आणि शेंदराचे, धुळीचे डाग चादरींवर राहिले. मी चिडलो. धुऊन निघाले नाहीत तर सामान परत नेतील, असं मी तिला म्हणालो.

"नेऊ द्या," ती म्हणाली. "डाग कशाचे आहे, पायाचे. पायाले झोप लागली नं?"

पुढच्या माघात पांढुर्ण्याला घरमालकिणींचं दोन दिवसांचं प्रशिक्षण निघालं. टॉवेल घडी कसा घालायचा, पाहुण्याशी कसं बोलायचं. गिरजामायला याची फार गंमत वाटली. "नमस्कार कसा कराचा ते दोन दिवस शिकवतीन? मंग भाकर खाणं शिकवाले महिना लागन." पण बाकीच्या बाया चालल्या, म्हणून तीही निघाली. जायच्या सकाळी तिनं रांजण भरला, टोपलीभर भाकरी थापून फडक्यात बांधल्या, ठेच्याचं भांडं शेजारी ठेवलं. "लोकं आले तं त्यायचं ते घेतीन," म्हणाली, आणि दार लोटून बायांबरोबर फाट्याकडे चालायला लागली.

मी मागून येणार होतो. त्याच आठवड्यात भोपाळचे मोठे साहेब घरं बघायला येणार असल्याचा निरोप होता. चादरी नुकत्याच धुऊन, इस्त्री करून घातल्या होत्या. मी दार उघडून आत पाहिलं. त्या पांढऱ्याशुभ्र गाद्या पाहिल्या. मला वाटलं, दोनच दिवसांचा प्रश्न आहे. धान्याच्या कोठीला तिचं एक जुनं कुलूप लटकत असायचं. ते काढलं, बाहेरच्या दाराला लावलं, किल्ली ओसरीवरच्या तिच्या कोनाड्यात नेहमीच्या जागी ठेवली, आणि बस गाठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही परतलो. ती वाटभर बोलत होती, बाकीच्या बायांना तिथल्या बाईची नक्कल करून दाखवत होती. ओसरीपाशी आली आणि थांबली.

दाराला कुलूप. उंबऱ्यासमोर शेंदराचा टिळा, एक लिंबू, नारळाची अर्धी वाटी. जत्थ्यानं बंद दाराला नमस्कार केला होता आणि तो वर निघून गेला होता.

शेजारची कमला धावत आली. "मामी, काल लोकं आले होते वं. लई जण होते. मी म्हटलं बसा, येइन आज-उद्या. पण कुलूप पाहून ते थांबलेच नाही. पाणी बी नाही पेले."

"कुलूप कोणं लावलं?" गिरजामायनं विचारलं. ते कमलाला नव्हतं. ते मलाही नव्हतं. तिनं कोनाड्यात हात घातला, किल्ली तिथंच होती. तिनं ती हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुम्ही मागून आले होते. तवा कुलूप होतं का जी?"

"होतं," मी म्हणालो. आणि ते पुरेसं नव्हतं म्हणून पुढं म्हणालो, "तुम्हीच लावलं ना, गिरजामाय. निघायच्या घाईत होत्या तुम्ही."

ती त्या दिवसांत थोडी विसरायला लागली होती. वरणात मीठ दोनदा पडायचं. मला ते माहीत होतं, म्हणूनच ते वाक्य माझ्या तोंडात इतक्या सहज आलं. तिनं आपल्या हाताकडे पाहिलं, उलटापालटा करून, जसं काही तो दुसऱ्या कोणाचा आहे.

"मीच लावलं असन," ती म्हणाली. "दुसरं कोण लावणार?"

उद्या सांगू, असं मी त्या दिवशी ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी उठून पाहतो तर ती दारोदार जाऊन स्वतःच सांगत होती. माह्या हातून असं झालं बाप्पा. मी लावलं अन् मलेच आठवत नाही. ज्याच्या त्याच्यापुढं. तिला वाटत होतं, आपण सांगितलं की दोष हलका होईल. गावानं ते ऐकलं आणि लक्षात ठेवलं.

आमच्याकडच्या जत्थ्यांची एक पद्धत आहे. ज्या घरानं एकदा दार लावलं, त्या घराला पुन्हा विचारायचं नाही. त्यात राग नसतो. देवाच्या माणसाला नाही म्हणायची पाळी त्या घरावर पुन्हा येऊ नये, एवढाच त्यामागचा विचार. पुढच्या माघात गिरजामाय चार-चारदा फाट्यावर जाऊन उभी राहायची. डोक्यावर पाण्याची गुंडी, हातात फडक्यात भाकरी. जत्था आला. पुढं चालणारा वरुडकडचा म्हातारा भगत तिला ओळखून होता. तो वाकून तिच्या पाया पडला.

"चाल ना रे बाबू घरी," ती म्हणाली. "कुलूप नाही. मी पाहूनच आली आहे."

"माय," तो म्हणाला, "तुहं वय झालं. लई वर्स केलं तू. महादेवानं तुले सुट्टी देली समज."

त्यानं हे किती मायेनं म्हटलं ते मी शेजारी उभा राहून ऐकलं. सगळे एकेक करून तिच्या पाया पडले आणि दुसऱ्या वाटेनं गेले. ती भाकरीचं फडकं तसंच हातात धरून उभी होती. त्या वेळी मी बोललो असतो तर तो म्हातारा दहा पावलांवर होता. हाक पोचली असती.

मी म्हणालो, "चला, गिरजामाय, ऊन झालं."

समितीनंही पुढं तिचं घर वगळलं. विसरणाऱ्या बाईच्या घरी चुलीजवळ पाहुणे नकोत, असं ठरलं. ठरवणाऱ्यांत मी होतो. गाद्या गेल्या, आरसा गेला. रामाकोन्याहून चालत येणारी ती मेहुणी एकदा आली, तिला गावकऱ्यांनी वरच्या आळीतल्या नव्या खोल्यांत नेलं. गिरजामाय ओसरीवर बसून रस्ता पाहायची. एखादा वाटसरू दिसला की अजूनही विचारायची, पायी आला का गाडीनं, पण आवाज आता तेवढा लांब जात नव्हता.

स्वतःच्या हातावरचा तिचा विश्वास उडाला, हे सगळ्यात वाईट झालं. कडी लागूच नये म्हणून तिनं तिला सुतळी गुंडाळून ठेवली. तरी दुपारी मला हाक मारायची, "मास्तर, पाहा बरं तिकडून, कडी उघडी आहे नं?" मी माझ्या अंगणातून सांगायचो, आहे. थोड्या वेळानं पुन्हा. भाकर टाकता टाकता उठून दाराशी यायची, कडी चाचपायची. डोंगरात जाणं तिनं सोडून दिलं. मागं घर एकटं राहील आणि जाताना आपण काय करून ठेवू याची तिला भीती वाटायची.

ती गेली तेव्हा मी सौंसरला मुलीकडे होतो. म्हणून माझ्यापुरतं तिचं शेवटचं दिसणं म्हणजे त्याआधीची एक दुपार. माघ लागायला थोडेच दिवस होते आणि थंडी अजून चांगली होती. तिनं मला बोलावलं. तिच्या हातात पहार होती.

"मास्तर, तुमच्या हातात जोर आहे अजून. हे दार काढून द्या."

"काढून? थंडीत?"

"थंडी काय, जाते. हा हात काही भरवशाचा राहिला नाही जी. कवा लावून घेइन, मले बी कळणार नाही. दारच नाही तं लावीन का?"

मी तिला समजावायचा प्रयत्न केला. कुत्री येतील, सर्दी होईल. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "दुसऱ्या कोणाले सांगितलं तं हसतीन. तुम्ही नाही हसणार, म्हणून तुमाले बोलावलं."

मी पहार घेतली. सागाचं जुनं जड दार होतं. मी खालून पहार लावून उचललं, तिनं दुसरी बाजू दोन्ही हातांनी धरली. ते बिजागऱ्यांवरून सुटेपर्यंत तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होता. सांगायचं ते एकच वाक्य होतं. दार सुटलं आणि त्याचं सगळं वजन माझ्या अंगावर आलं. मी ते ओढत गोठ्यात नेऊन भिंतीला टेकवलं.

परत आलो तेव्हा घरात पहिल्यांदाच सगळं ऊन शिरलं होतं, थेट चुलीपर्यंत. ती त्या उन्हात पाय पसरून बसली होती. अंगावर घोंगडी घेतली होती आणि चेहऱ्यावर किती दिवसांनी समाधान होतं.

"आता मी कितीही विसरली तरी काही होत नाही," ती म्हणाली. मग तिला काही तरी सुचलं. "मास्तर, रस्त्यावर जाऊन पाहा बरं जरा. येणाऱ्याले तिकडून आतलं दिसते का? म्हणजे उघडं आहे असं कळते का त्याले?"

मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. रांजण दिसत होता, चूल दिसत होती, उन्हात बसलेली ती दिसत होती. तिनं कपाळावर हात धरून माझ्याकडे डोळे लावले होते.

"दिसते," मी ओरडून सांगितलं.

तेवढंच सांगितलं.